गाडी बघायला येणारी माणसं

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घेऊन पाठवायचे आणि हे आपल्या मागच्या खोलीत मेणात एकेक दात बसवून, घासून, चकचकीत करून कवळी परत पाठवायचे. चाळीस वर्षं हेच केलं. गल्लीतले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात आणि उरलेल्यांची पाळी यायची आहे, असं ते स्वतःच सांगत. डोळे साथ देईनात तेव्हा त्यांनी काम थांबवलं आणि ती खोली रिकामी केली. सवय मात्र गेली नाही. माणूस समोर आला की आधी त्याचे दात बघायचे, मग चेहरा.

बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी विमानाने जावं लागेल इतकी लांब राहत होती. ती दर रविवारी संध्याकाळी फोन करायची. मधले सहा दिवस कवळीवाले कोणाशी काय बोलत हे सांगणं कठीण आहे. दुकानदाराला म्हणायचे, अर्धा किलो द्या. शेजाऱ्याला म्हणायचे, आज हवा गार आहे. रेडिओवर बातम्या देणाऱ्याला मात्र ते बरंच काही म्हणायचे, पण तो ऐकत नव्हता.

आणि गाडी होती. त्यांची आयुष्यातली पहिली गाडी, आणि शेवटचीही तीच. एकतिसाव्या वर्षी जुनीच घेतलेली. गोल दिवे, चकाकत्या पत्र्याचा जाड बंपर, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि पुढची सीट सोफ्यासारखी सलग. घेतल्या घेतल्या त्यांनी तिला पिवळसर पांढरा रंग मारून घेतला होता. हा रंग तुम्ही दातांच्या नमुन्यांतूनच निवडलात, असं बायको म्हणायची, आणि ते खरं होतं. त्या गाडीत मुलगी दवाखान्यातून घरी आली, शाळेत गेली, कॉलेजला गेली. दर रविवारी तिघं कुठे ना कुठे फिरायला जात. पुढे मुलगी गेली आणि दोघंच जाऊ लागले. बायको गाडी शिकली नाही. ती शेजारी बसायची, मांडीवर पर्स, हात पर्सवर. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, असं कवळीवाले छाती पुढे काढून सांगत.

मग सहा महिन्यांत दोन ओरखडे आले, दोन्ही घराच्या फाटकाचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, समोरचं दिसतंय पण बाजूचं दिसणं गेलंय, ते आता परत येणार नाही, गाडी चालवू नका. मुलगी सुट्टीला आली होती. तिने गाडीचे फोटो काढले, मोबाईलवर जाहिरात टाकली, वडिलांचा नंबर दिला आणि परत गेली. जाताना म्हणाली, बाबा, उगाच भावनेत अडकू नका, चांगलं गिऱ्हाईक आलं की देऊन टाका.

पहिला आला तो जुन्या गाड्यांचा दलाल. बॉनेटवर टिचक्या मारत तो म्हणाला की ही भंगारातच जाणार. कवळीवाल्यांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं. दुसरा आला जहाजावरचा निवृत्त इंजिनियर. तो तीन तास थांबला. बॉनेट उघडून त्याने कार्ब्युरेटर असा न्याहाळला, जसा एखादा बालपणीच्या मित्राचा फोटो बघेल. मग आत बसून त्याने कुठल्या कुठल्या समुद्रात कुठलं इंजिन कसं बंद पडलं ते सांगितलं, आणि कवळीवाल्यांनी त्याला एका गायकाची गोष्ट सांगितली, ज्याची कवळी ऐन कार्यक्रमात निसटली होती. दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. निघताना इंजिनियरने सांगितलेली किंमत जाहिरातीतल्या किमतीच्या अगदी जवळ होती.

कवळीवाले हो म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं, "एक जण आधी बोलून गेलाय. त्याचं नक्की कळू दे. तुम्ही असं करा, पुढच्या आठवड्यात परत चक्कर मारा."

असं कोणीही बोलून गेलं नव्हतं. इंजिनियर गेल्यावर त्यांनी दोन कप धुतले. दोन कप एका वेळी धुवायला काढून किती दिवस झाले होते, ते त्यांना आठवेना.

तिथून हे सुरू झालं. फोन येत होते आणि कवळीवाले प्रत्येकाला वेळ देत होते. सकाळी उठून ते दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत, बैठकीतली वर्तमानपत्रं उचलत. बिस्किटांचे दोन प्रकार आणून ठेवत, एक गोड आणि एक खारं, कारण माणसामाणसाचं वेगळं असतं. येणाऱ्याला आधी गाडी दाखवायची, मग आत बोलवायचं. सौदा जुळत आला की काहीतरी निघायचं. कोणाला सांगायचं, क्लच जरा बघून घ्या, मेकॅनिकला घेऊन या. कोणाला सांगायचं, मुलीला विचारायला हवं. कोणाला, कागदपत्रं बँकेत आहेत. कागदपत्रं स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात होती. दोन महिन्यांत चौदा माणसं येऊन गेली, त्यातली सहा-सात पुन्हा आली. एक प्राध्यापक यायचा, तो गाडीकडे बघायचाही नाही, बायकोच्या तक्रारी सांगायचा. एक फोटोग्राफर यायचा, त्याला स्टुडिओसमोर उभी करायला अशीच गाडी हवी होती आणि तो दर वेळी नव्या कोनातून फोटो काढायचा. शेजारीण एकदा म्हणाली, काका, तुमच्याकडे हल्ली फार वर्दळ. कवळीवाल्यांना ते ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी तिलाही बिस्किटं दिली.

आपण खोटं बोलतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कोणाचं काय जातंय, असं ते स्वतःला सांगत. माणसं येतात, चहा पितात, चार गोष्टी करतात. गाडी काय, आज ना उद्या जायचीच आहे.

अशातच ती ड्रायव्हरबाई आली. शहरातल्या बसवर सोळा वर्षं ड्रायव्हर होती. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, बोलायला कमी. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. कवळीवाल्यांनी मनातल्या मनात तो नीट करून टाकला. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून टायर बघितले, दार उघडून लावून बघितलं आणि विचारलं, आत बसू का. आत बसून तिने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. इंजिन चालू करा म्हटलं तर म्हणाली, थांबा जरा.

नंतर चहा घेताना कवळीवाल्यांनी विचारलं, नवी छोटी गाडी का घेत नाही, हप्त्यावर मिळते. तिने कप खाली ठेवला.

"काका, माझ्यामागे दिवसभर साठ माणसं असतात," ती म्हणाली. "कोणी भांडतं, कोणी घंटी मारतं, कोणी रडतं. सोळा वर्षं मी एकटीने गाडी चालवलेली नाही. मला एक गाडी हवी, जिच्यात मागे कोणी नसेल. आणि नवी नको. नव्या गाड्या फार बोलतात, दार लावा, पट्टा लावा. ही गप्प आहे."

यापुढे काही सांगायची गरज नव्हती. तिला किंमतही मान्य होती. कवळीवाल्यांनी तिला सांगितलं की कागदपत्रं बँकेत आहेत, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा सांगितलं की लॉकरची किल्ली मुलीकडे राहिली, ती पाठवते आहे. ती बरं म्हणाली. दर वेळी दोन बस बदलून ती यायची, आणि जाताना गाडीच्या टपावर हात ठेवून जायची.

तिसऱ्या खेपेला घोटाळा झाला. कवळीवाल्यांनी तिला आणि फोटोग्राफरला चुकून एकच वेळ दिली. दोघं बैठकीत समोरासमोर बसले आणि कवळीवाले चहा टाकायला आत गेले. चहा उकळेपर्यंत बाहेर काय बोलणं चाललं आहे ते त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

फोटोग्राफर म्हणाला की मी गाडी न्यायला आलो आहे, आज नक्की होणार. बाई म्हणाली की मीही. मग फोटोग्राफरने विचारलं, तुम्हाला कागदपत्रं कुठे आहेत म्हणाले. बाई म्हणाली, बँकेत. तो म्हणाला, मला म्हणाले मेकॅनिककडे. तुम्ही कितव्यांदा आलात? तिसऱ्यांदा. मी पाचव्यांदा, फोटोग्राफर म्हणाला.

कवळीवाल्यांनी चमचे घ्यायला खण उघडला. वरच कागदपत्रांचा निळा लिफाफा होता. त्यांनी खण बंद केला आणि चमचे न घेताच ट्रे उचलला.

ते बाहेर आले तेव्हा फोटोग्राफर उभा होता. म्हातारपणी हे धंदे शोभत नाहीत, लोकांना झुलवून किंमत वाढवता, जाहिरातीखाली लिहितो मी तुमच्याबद्दल, असं बरंच काही तो बोलला आणि चहा न घेता गेला. त्याला वाटलं ते चूक होतं. कवळीवाले ट्रे घेऊन तसेच उभे राहिले.

बाईने ट्रेमधला कप उचलला. तिने चहा शांतपणे, शेवटपर्यंत घेतला. मग म्हणाली, "काका, मला आठवड्यात एक सुट्टी मिळते. तशा तीन तुम्हाला दिल्या."

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आत जाऊन कप मोरीत ठेवला, चपला घातल्या आणि गेली. या वेळी टपावर हात ठेवला नाही.

त्या आठवड्यात कवळीवाल्यांनी फोन उचलला नाही. बिस्किटं सादळली. माणसं येतात, कोणाचं काय जातंय, हा हिशोब त्यांनी फिरवून फिरवून मांडून बघितला, पण त्या तीन सुट्ट्या त्यात कुठे बसेनात. त्यांनी बाईला दोनदा फोन लावला. तिने घेतला नाही. गाडी चालवत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि मग वाटलं की आता स्वतःला काही समजावणं पुरे झालं.

बुधवारी त्यांनी निळा लिफाफा आणि किल्ली पिशवीत टाकली आणि बसने तिचा डेपो गाठला. एकतिसाव्या वर्षानंतर ते बसमध्ये बसले नव्हते. एका कॉलेजच्या मुलीने उठून जागा दिली, तेव्हा ते तिला म्हणाले, मी काही तेवढा म्हातारा नाही, आणि बसले.

डेपोच्या खिडकीवर साहेबांनी विचारलं, कुठली ड्रायव्हर, कितीची बस, काय तक्रार आहे. ड्रायव्हरला शोधत लोक फक्त तक्रार घेऊनच येत असावेत.

"तक्रार तिची आहे," कवळीवाले म्हणाले. "माझ्याबद्दल."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विश्रांतीच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे लांब बाकं होती, खुंट्यांवर खाकी शर्ट होते, कोपऱ्यात डब्यांची चळत. ड्रायव्हर येत होते, तोंडावर पाणी मारत होते, डबे उघडत होते, पत्ते पिसत होते. कवळीवाले साडेतीन तास बसले. त्यांना कोणी हटकलं नाही आणि कोणी काही विचारलंही नाही. खोली माणसांनी भरलेली होती, सगळे मोठमोठ्याने बोलत होते, आणि आपल्या घरी असतो त्याच्याहून आपण इथे जास्त एकटे आहोत असं त्यांना वाटलं.

ती आली, त्यांना बघून दारातच थांबली. मग नळावर जाऊन हात धुऊन आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

कवळीवाल्यांनी लिफाफा मधे ठेवला, त्यावर किल्ली. "कागदपत्रं घरातच होती," ते म्हणाले. "माणसं यायची, म्हणून विकत नव्हतो. गाडी गेली असती तर कोण आलं असतं?"

तिने लिफाफा उघडून प्रत्येक कागद नीट वाचला. कवळीवाल्यांना वाटलं होतं की ती काहीतरी म्हणेल, असू द्या काका, होतं असं.

"आधी चालवून बघेन," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी. तुम्ही शेजारी बसा. गाडीच्या खोडी तुम्हालाच माहीत."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती आली. कवळीवाल्यांनी सवयीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. इतक्या वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते. इथून रस्ता वेगळाच दिसत होता. समोर धरायला काही नव्हतं. ते सांगत गेले, चोक अर्धाच ओढा, दुसरा गिअर जरा वर उचलून टाका, उजवं दार आतून धक्का दिल्याशिवाय उघडत नाही. बाईचा हात चांगला होता. एवढी जड गाडी तिने गल्लीतून लोण्यासारखी बाहेर काढली.

चौकात समोरून एक टेम्पो आडवा आला. बाईने ब्रेक मारला. त्याच क्षणी कवळीवाल्यांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि जोरात दाबला गेला. पाय पडला तो मॅटच्या भोकात.

ते भोक त्यांना माहीत होतं. पायाखालच्या मॅटला उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक, खाली उघडा पत्रा. ही तिसरी मॅट होती. आधीच्या दोन्हीही तिथेच फाटल्या होत्या. बायकोला ते दर वेळी म्हणायचे, चपला झिजवायला तुला माझीच मॅट सापडते का. ती हसायची आणि म्हणायची, माझं पाऊलच वाकडं पडतं.

टेम्पो निघून गेला. बाईने गाडी पुढे घेतली. कवळीवाल्यांनी पाय तिथून उचलला नाही. पुढच्या वळणावर तो पुन्हा दाबला गेला, सिग्नलला पुन्हा. प्रत्येक वेळी बरोबर त्याच जागी. तीस वर्षांहून जास्त काळ दर रविवारी बायको त्यांच्या शेजारी बसून ब्रेक मारत होती, जिथे ब्रेक नव्हता तिथे. आणि तोंडाने म्हणत होती, आज हवा छान आहे.

"काका, बरं वाटत नाहीये का?" बाईने विचारलं.

ते म्हणाले, "तुम्ही छान चालवता."

गाडी घराशी परत आली. बाईने पैसे दिले, कवळीवाल्यांनी सह्या केल्या. बाईने लिफाफा पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली की मॅट आणि सीटचं कापड बदलून घेईन, रंग मात्र हाच ठेवीन. कवळीवाले म्हणाले, तुमची गाडी आहे, तुम्हाला हवं ते करा. तिने चहाला थांबायला नाही म्हटलं. तिला अंधार पडायच्या आत शहराबाहेर जाऊन यायचं होतं, एकटीला. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, हॉर्न वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनियरला फोन करून सगळं खरं सांगितलं आणि माफी मागितली. म्हणाले, गाडी गेली, पण तुम्ही कधी सहज आलात तर आवडेल. इंजिनियरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बघतो, हल्ली जमत नाही. त्याच्या आवाजावरून कवळीवाल्यांना कळलं की तो येणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. फोटोग्राफरला करायचा धीर झाला नाही. अजून काही दिवस जाहिरातीचे फोन येत राहिले. विकली गेली, एवढंच ते सांगत, आणि पलीकडून फोन लगेच बंद होई.

रविवारी मुलीचा फोन आला. गाडी विकली म्हटल्यावर तिला आनंद झाला. छान झालं, बाबा, जागा मोकळी झाली, आता तिथे कुंड्या ठेवा. कवळीवाले हो म्हणाले. जेवण, औषधं, तिकडची थंडी, सगळं झालं. ती ठेवू का म्हणाली, तेव्हा त्यांनी विचारलं,

"तुझी आई गाडीत घाबरायची का गं?"

मुलगी हसली. "म्हणजे काय, बाबा! डोळे मिटून बसायची. मला मागून आरशात दिसायचं ना."

"मग यायची कशाला?"

आता ती हसली नाही. पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. "मला काय माहीत, बाबा," ती म्हणाली. "मी लहान होते. तुम्ही विचारायचं होतं."

कवळीवाल्यांनी फोन ठेवला. रेडिओ लावायला म्हणून ते उठले, पण लावला नाही. बाहेर उजेड होता अजून. शेजारीण फाटकाशी उभी राहून कोणाशी तरी बोलत होती. त्यांनी चपला घातल्या आणि तिच्याकडे निघाले, आज हवा कशी आहे हे सोडून दुसरं काय बोलता येईल याचा विचार करत.